पुराचा प्रश्न, भूगोलाची पदवी : बहुविद्याशाखीय बी.ए. स्वतः आखताना (एक प्रकरण)

विद्यार्थिनी बारावी कला शाखेची, करवीर तालुक्यातल्या पूररेषेतल्या एका गावातली. पदवी कशी आखायची याचा तिने केलेला पहिला कागद असा : भूगोल, समाजशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र, पत्रकारिता, संख्याशास्त्र, फोटोग्राफी. सातही विषयांपुढे एकच कारण, ‘आवडतो’. कागदाच्या तळाशी मात्र पेन्सिलीने एक ओळ लिहिलेली : ‘पाणी चढताना दिसत असतं, तरी आमच्या गल्लीतली माणसं घर लवकर का सोडत नाहीत?’

सगळी पदवी या ओळीवरून आखता येते. वरच्या सात विषयांवरून आखायला गेलं तर तीन वर्षांनी हातात थोडं थोडं सगळं आणि नीट काहीच नाही, अशी गत होते.

प्रकरण नमुन्याचं आहे. विद्यार्थिनी कल्पिलेली आहे; नियम, क्रेडिट, तास आणि अडचणी मात्र खऱ्या. कोल्हापुरातल्या कुठल्याही कला महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्याला यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

मोकळीक नेमकी कुठे आहे

परदेशात काही ठिकाणी विद्यार्थी आपल्या पदवीचा विषयच स्वतः ठरवतो. न्यूयॉर्क विद्यापीठातलं गॅलटिन हे महाविद्यालय १९७२ पासून तसं चाललंय. तिथे विद्यार्थ्याला आपला आराखडा लेखी मांडावा लागतो आणि शेवटी वीस-पंचवीस ग्रंथांच्या यादीवर तोंडी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजात पदवीवर छापलं जाईल ते ‘बी.ए. भूगोल’ किंवा ‘बी.ए. समाजशास्त्र’ असंच. ‘पूर आणि समाज’ नावाची पदवी मिळणार नाही, हे पहिल्याच दिवशी विद्यार्थिनीला आणि तिच्या वडिलांना स्पष्ट सांगावं. पुढची निराशा टळते.

पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने जी क्रेडिट रचना आणली (क्रेडिट म्हणजे ठरावीक तासांच्या अभ्यासाचं एक माप), तिच्या आत बरीच जागा आहे. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ ची. यातले किमान निम्मे मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे. मेजरचे बहुतेक पेपर विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं, तिथे फारसा हात घालता येत नाही. भाषांचे ८, मूल्यशिक्षणाचे ४, भारतीय ज्ञान प्रणालीचे २, हेही जवळपास ठरलेले.

उरतं काय? मायनर (जोडविषय) १८ ते २०, ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या विद्याशाखेतले ऐच्छिक पेपर) १० ते १२, व्यावसायिक कौशल्याचे ८ ते १०, कौशल्यवर्धनाचे ६, ऑन जॉब ट्रेनिंग (बाहेर प्रत्यक्ष कामाचा अनुभव) ४ आणि फील्ड प्रोजेक्ट. हे सगळं धरलं तर पन्नासच्या आसपास क्रेडिट असे निघतात, ज्यांत विद्यार्थ्याची निवड चालते. बहुतेक मुलं हे पन्नास क्रेडिट मैत्रीण कुठे बसली, कुठला पेपर सोपा जातो आणि कुठल्या तासाला लवकर घरी जाता येतं, यावर घालवतात. याचं वाईट वाटतं, कारण बहुविद्याशाखीय शिक्षण म्हणतात ते याच लहान लहान रकान्यांत दडलेलं असतं.

एक सूचना इथेच. वरचे आकडे शासन निर्णयाच्या चौकटीतले आहेत. कॉलेज स्वायत्त आहे की विद्यापीठाशी संलग्न, आणि प्रवेश कुठल्या वर्षीचा, यावर कुठल्या सत्रात कुठला रकाना येतो ते बदलतं. त्यामुळे आपल्या प्रवेशवर्षाचं सहा सत्रांचं रचनापत्रक विभागातून घ्यायचं, त्याची मोठ्या कागदावर झेरॉक्स काढायची आणि त्यावरच पेन्सिलीने आखायचं. वरच्या वर्गातल्या ताईचं पत्रक चालत नाही. मार्च २०२४ मध्ये रचनेत सुधारणा झाली, त्यामुळे तिचं पत्रक आणि हिचं पत्रक वेगळं असू शकतं.

मेजर : जे घरी शिकता येत नाही ते

सुधारित रचनेत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन त्यांतला एक दुसऱ्या वर्षी मेजर म्हणून निवडायचा असतो. तिने भूगोल, समाजशास्त्र आणि इतिहास घेतले. तिचा ओढा समाजशास्त्राकडे होता, आणि तो चुकीचा नव्हता. प्रश्न माणसांच्या निर्णयाचाच आहे.

तरी मेजर भूगोल ठरलं. त्यामागचा हिशेब असा. समाजशास्त्राचं वाचन करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसून, चांगल्या शिक्षकाला विचारत विचारत बऱ्यापैकी पुढे नेता येतं. डम्पी लेव्हल लावून दोन भिंतींमधला उंचीचा फरक काढणं, नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) वाचणं, जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशाप्रणालीत) माहितीचे थर चढवणं हे प्रयोगशाळेशिवाय, उपकरणांशिवाय आणि शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाशिवाय जमत नाही. मेजर निवडताना ‘मला काय आवडतं’ याच्या जोडीला ‘मला काय एकटीला शिकता येणार नाही’ हेही विचारायला हवं. उत्तर बऱ्याचदा बदलतं.

तिच्या प्रश्नात उंचीचं महत्त्व किती, हे एका उदाहरणाने कळेल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर सपाट भागात समोच्च रेषा उंचीच्या २० मीटर अंतराने असतात. उपग्रहावरून मिळणाऱ्या मोफत उंचीच्या माहितीत काही मीटरची चूक सहज असते. गल्लीत पाणी शिरतं की नाही हे ठरतं अर्ध्या मीटरच्या फरकाने. म्हणजे घरबसल्या उतरवून घेतलेल्या नकाशावर तिचं आणि शेजारच्यांचं घर एकाच पातळीवर दिसणार, आणि गावातलं शेंबडं पोरही सांगेल की शेजाऱ्यांच्या उंबऱ्याला पाणी लागतं तेव्हा हिच्या चुलीत असतं. पूरग्रस्त गावांत भिंतींवर २००५, २०१९, २०२१ च्या पाण्याच्या खुणा असतात. त्या खुणा टेपने मोजायच्या, लेव्हलने एकमेकींशी जोडायच्या. हे काम भूगोलाची विद्यार्थिनी विभागाचं उपकरण रीतसर नोंद करून घेऊन करू शकते. इतर विभागाच्या विद्यार्थिनीला ते मिळणं अवघड.

मायनर, आणि ओपन इलेक्टिव्हचा फसलेला डाव

दुसरा कागद पहिल्यापेक्षा बरा होता. भूगोल मेजर, समाजशास्त्र मायनर, आणि इतिहास व पत्रकारिता ओपन इलेक्टिव्हमध्ये. हा आराखडा विभागाच्या टेबलावरच पडला. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यायचं असतं. कला शाखेच्या मुलीला इतिहास त्या रकान्यात बसत नाही. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेकडे जायला हवं.

पहिल्यांदा ही अडचण वाटली, पण यामुळेच आराखडा सुधारला. प्रश्नाचे चार तुकडे केले : पाणी कसं आणि कुठवर चढतं, घर सोडायचं हे घरात कोण ठरवतं, सोडलं नाही तर किती बुडतं आणि भरपाई कशी ठरते, आणि पूर्वी लोक काय करत. पहिला तुकडा भूगोलाचा, दुसरा समाजशास्त्राचा. तिसऱ्या तुकड्यासाठी तिच्या कागदावर काहीच नव्हतं. पंचनामा, विमा, पिकाचं नुकसान, घरभाडं, गोठा नव्याने बांधण्याचा खर्च हे सगळं आकड्यांचं काम. म्हणून ओपन इलेक्टिव्हमध्ये विज्ञान शाखेकडून प्राथमिक संख्याशास्त्र आणि वाणिज्य शाखेकडून विम्याची किंवा हिशेबाची तोंडओळख, असं ठरलं. ३० तासांच्या दोन क्रेडिटच्या पेपरमध्ये कोणी संख्याशास्त्रज्ञ होत नाही. सरासरी आणि मध्यक यांत फरक का पडतो, वीस घरांवरून तालुक्याबद्दल बोलता येतं का, एवढं कळलं तरी पुरे.

मानसशास्त्र गळलं. चांगला विषय, पण चारपैकी एकाही तुकड्याला तो एवढा आवश्यक नव्हता की मेजर-मायनरची जागा अडवावी. फोटोग्राफीला क्रेडिट लागतच नाही, ती फील्डवर आपोआप होते. पत्रकारिता ऑन जॉब ट्रेनिंगकडे ढकलली. इतिहास पहिल्या वर्षाचा विषय म्हणून राहिला, आणि पुढे मोडी लिपीच्या अल्पमुदतीच्या वर्गातून चालू ठेवायचं ठरलं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातले मोडी कागद आहेत. मोडी वाचता आली नाही तर चौथा तुकडा इतरांच्या सांगण्यावरच राहतो. कॉलेजात मोडीचा कौशल्यवर्धनाचा पेपर असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर क्रेडिटविना शिकायचं. काही गोष्टी गुणपत्रिकेवर येत नाहीत, पण कामाला येतात.

वेळापत्रकाची परीक्षा

आराखडा कितीही देखणा असो, तो वेळापत्रकात बसला नाही तर वाया. तीन वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवायची : भूगोलाच्या प्रात्यक्षिकाच्या बॅचचं, मायनरच्या तासांचं आणि ओपन इलेक्टिव्हच्या सामाईक तासाचं. चौथं एसटीचं. या विद्यार्थिनीची प्रात्यक्षिकाची बॅच दुपारची निघाली, आणि संख्याशास्त्राचा तास त्याच वेळी. प्रवेश पक्का होण्याआधी बॅच बदलून सकाळची मागितली तर मिळते. सप्टेंबरात मागितली तर कोणी ऐकत नाही. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचा ३० तास, हे लक्षात ठेवलं की प्रात्यक्षिकाचे विषय आठवडा कसा खातात ते दिसतं.

दुसरी अडचण : पुरेशी मुलं आली नाहीत तर ओपन इलेक्टिव्हचा वर्ग उघडतच नाही. मग कार्यालयातून मिळेल तिथे नाव टाकलं जातं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक रकान्यापुढे पेपरचं नाव न लिहिता आधी कौशल्य लिहायचं आणि त्याखाली तीन पर्याय. ‘आकडे हाताळणं’ : पहिली पसंती संख्याशास्त्र, दुसरी वाणिज्य शाखेचा स्प्रेडशीटवरचा पेपर, तिसरी स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स.

स्वयमची सोय चांगली आहे. २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. पण तीन ठिकाणी ठेच लागते. कोर्सला कॉलेजची मान्यता आधी घ्यावी लागते; आधी कोर्स पुरा करून मग क्रेडिट मागायला गेलं तर हात हलवत परत यावं लागतं. दुसरं, १२ आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिटचा आणि ८ आठवड्यांचा २ क्रेडिटचा धरतात. आपला रकाना २ चा असेल तर १२ आठवड्यांचा घेऊन एक क्रेडिट लोंबकळत ठेवण्यात अर्थ नाही. तिसरं, व्हिडिओ बघून क्रेडिट मिळत नाही, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, तिचं शुल्क वेगळं आणि तारीख विद्यापीठाच्या परीक्षेच्या तोंडावर येऊ शकते.

फील्ड प्रोजेक्ट : नदी सत्राप्रमाणे चालत नाही

या प्रकरणातली सगळ्यात मोठी गफलत इथे होती. तिच्या पत्रकात फील्ड प्रोजेक्ट चौथ्या सत्रात, म्हणजे जानेवारी ते मे. पंचगंगा त्या वेळी तळाशी गेलेली असते. पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा प्रोजेक्टची नोंदणीही झालेली नसते. म्हणून नोंदींची वही पहिल्या वर्षाच्या पावसाळ्यातच सुरू करायची. मार्गदर्शक शिक्षकांना ती दर आठवड्याला दाखवून तारखेसह सही घ्यायची. नाहीतर पुढे कोणी विचारलं, ‘हे तू केव्हा लिहिलंस?’ तर दाखवायला काही नसतं.

वहीचं पान कसं आखावं हे बारकाईने सांगायला हवं, कारण इथे चांगली चांगली माहिती नासते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट आणि इंचात जाहीर होते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे कोल्हापुरात सगळ्यांना तोंडपाठ. बोलताना आणि लिहिताना मात्र ‘३९ फूट ७ इंच’चं ‘३९.७’ होतं. ते स्प्रेडशीटमध्ये तसंच भरलं की चूक झाली, कारण ७ इंच म्हणजे ०.५८ फूट. त्याहून वाईट प्रकार ३९ फूट १० इंचाचा. ते ‘३९.१०’ असं भरलं की संगणक त्याला ३९.१ समजतो, आणि आलेखात पाणी चढायच्या ऐवजी अचानक उतरलेलं दिसतं. फुटांचा रकाना वेगळा, इंचांचा वेगळा, आणि तिसऱ्या रकान्यात इंचांना १२ ने भागून दोन्हींची बेरीज. त्यापुढे वेळ, कुठला रस्ता बंद झाला, कुठल्या घरातली जनावरं हलली, कुठली माणसं हलली. जनावरं आणि माणसं यांचे रकाने वेगळे ठेवायचे. घर न सोडण्याचं कारण गोठ्यात आहे का, हे त्या दोन तारखांमधल्या अंतरातून तपासता येईल.

मुलाखतींचा पहिला बेत २० घरांचा होता. प्रत्येक घरात एक पुरुष आणि एक बाई, दोघांशी वेगवेगळं बोलायचं. बाईशी वेगळं बोलायचं हा भाग फार महत्त्वाचा. समोर सासरे बसलेले असताना ‘घरात कोण ठरवतं’ याचं उत्तर एकच येतं. पण ४० मुलाखती, ३५ मिनिटांची एक, म्हणजे सव्वातेवीस तास नुसतं बोलणं. ध्वनिमुद्रण उतरवून काढायला त्याच्या चौपट, म्हणजे ९३ तास. ४ क्रेडिटच्या प्रोजेक्टला १२० तास मिळतात. सगळे तास यातच संपले. नकाशा आणि लिखाण कधी करायचं?

सुधारित हिशेब : १२ घरं, २४ मुलाखती, २५ मिनिटांची एक. बोलणं १० तास, उतरवणं ४०, खुणा मोजणं आणि नकाशा २५, परवानग्या आणि जाणं-येणं १५, लिखाण ३०. बरोबर १२०. पत्रकात प्रोजेक्ट २ क्रेडिटचा असेल तर घरंही निम्मी करायची. लेखी संमती घ्यायची, नावांऐवजी क्रमांक वापरायचे. आपल्याच भावकीत मुलाखती घेताना तर हे काटेकोर पाळायचं, कारण अहवाल गावात फिरतो.

ग्रंथालयाची तयारी उन्हाळ्याच्या सुटीत. गॅलटिनची वीस-पंचवीस ग्रंथांची कल्पना इथे उचलण्याजोगी आहे. यादीत नुसती पुस्तकं नकोत. १८८६ चं कोल्हापूर गॅझेटियर, जनगणनेची गावनिहाय पुस्तिका आणि २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीचा अहवाल हे तिघं यादीत हवेतच. प्रत्येक नोंदीपुढे दोन ओळी : चारपैकी कुठल्या तुकड्याला हे उपयोगी. दोन ओळी सुचत नसतील तर ती नोंद काढून टाकावी.

ऑन जॉब ट्रेनिंगसाठी स्थानिक वृत्तपत्राचं कार्यालय, ग्रामपंचायत, आपत्ती व्यवस्थापनात काम करणारी संस्था असे पर्याय आहेत. कुठेही जावं, पण कामाचं स्वरूप आधी कागदावर हवं. रोजची हजेरी, केलेल्या कामाची एक ओळ आणि सही, हे नसेल तर १२० तास केलेलं काम सबमिशनच्या दिवशी सिद्ध करता येत नाही. नुसतं शिक्क्याचं प्रमाणपत्र आणून देणारी मुलं असतात. त्यांच्या गुणपत्रिकेवर क्रेडिट येतात आणि हातात काही येत नाही.

कागदपत्रं आणि पुढचा रस्ता

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटचं (मिळवलेले क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा राहतात त्याचं) खातं पहिल्या महिन्यात उघडायचं. आधारवरचं नाव आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे, एवढ्यावरून क्रेडिट अडकतात. क्रेडिट सात वर्षं टिकतात. घरच्या अडचणीने एक वर्षानंतर थांबावं लागलं तर ४ जादा क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करून प्रमाणपत्र घेता येतं, दोन वर्षांनंतर पदविका. हा रस्ता आहे हे घरच्यांना माहीत असावं. मुलीचं शिक्षण थांबवताना ‘झालं तेवढं वाया गेलं’ असं कोणाला म्हणता येऊ नये.

वडिलांचा प्रश्न सरळ होता : पुढे काय? स्पर्धा परीक्षेला कुठलीही पदवी चालते. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणालाही. बी.एड. करायचं झालं तर मेजर शाळेत शिकवला जाणारा विषय असणं फायद्याचं, आणि भूगोल तसा आहे. समाजशास्त्र मेजर न घेण्यामागे हेही एक कारण होतं. चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि त्यानंतर एम.ए. एका वर्षाचं होतं. त्यामुळे ‘सोपा’ म्हणून घेतलेल्या ओपन इलेक्टिव्हचे गुणही हलक्यात घेऊन चालत नाहीत.

शेवटचा कागद एका पानाचा. गुणपत्रिकेसोबत जोडायचा. वर पेन्सिलीने लिहिलेला तो मूळ प्रश्न, खाली चार तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यासमोर कुठल्या सत्रातला कुठला पेपर, किती क्रेडिट, आणि त्यातून हातात काय आलं : नकाशा, मुलाखतींची फाइल, पातळीचा तक्ता. दर सत्राच्या निकालानंतर तो पुन्हा लिहायचा. दुसऱ्या वर्षी प्रश्नच बदलला तर बदलू द्यावा, पण मग चार तुकडेही नव्याने पाडावे आणि उरलेले रकाने परत तपासावे. तिच्या तिसऱ्या कागदावर आता एकच रकाना मोकळा आहे, पाचव्या सत्रातला. तो मुद्दाम मोकळा ठेवलाय. दोन पावसाळ्यांच्या वह्या भरल्यावर काय कमी पडतंय ते बघून तिथे पेपर लिहायचा आहे.